कोट जागेवर आहे

दाखले विभागाच्या वरिष्ठ साहेबांनी आपल्या मुलीला रविवारी अभयारण्यात नेऊन रानमांजर दाखवण्याचे मान्य केले होते. मान्यता तोंडी होती आणि तिला पूर्वेतिहास होता. एका रविवारी साहेबांना थकवा होता, दुसऱ्या रविवारी झोप होती आणि त्यानंतर 'बाब विचाराधीन आहे' असे त्यांनी जेवणाच्या टेबलावरच जाहीर केले होते. या वेळी छकुली आदल्या रात्री बूट घालूनच झोपली, त्यामुळे प्रकरण निकाली काढणे भाग पडले.

"आज दिसलं नाही ना बाबा," ती सकाळी म्हणाली, "तर मी तुमचं काहीच खरं मानणार नाही."

घरात त्यांचे बोलणे खरे मानणारी ती एकटीच उरली होती.

येथे साहेबांच्या कार्यपद्धतीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. साहेबांकडे दोन कोट होते. एक अंगावर घालायचा. दुसरा, तपकिरी, कार्यालयातल्या खुर्चीच्या पाठीवर कायम नेमणुकीला. त्याच्यासमोर उघडे पेन, शेजारी अर्धा कप चहा आणि वर फिरता पंखा एवढी मांडणी केली, की साहेब आत्ता इथेच होते असे कोणालाही वाटे. शिपाईही तसेच सांगे. लोक अदबीने कोटासमोर बसून राहत.

साहेब त्या वेळी चौकशीच्या खिडकीच्या बरोब्बर खाली, आतल्या अंगाला, बुटक्या स्टुलावर बसून शब्दकोडे सोडवत असत. गरजू माणूस साहेबाला कॅन्टीनमध्ये शोधतो, गच्चीवर शोधतो, पण ज्या खिडकीला नाक लावून उभा आहे तिच्याच खाली काही तो बघत नाही. यात साहेबांच्या मनात कोणाचे वाईट करायचे नसे. त्यांना फक्त सहीची भीती वाटे. सही केली की ती आपली होते आणि मग कधीतरी कोणीतरी विचारतो, ही कोणाची?

आता कोटावर धूळ साचून तो सेवानिवृत्त झाल्यासारखा दिसू लागला होता, म्हणून साहेबांनी तो धुवायला घरी आणला होता. रविवारी निघताना सासूबाईंनी घालायच्या कोटावर चहा सांडला. साहेबांनी नाइलाजाने नेमणुकीवरचा कोट अंगात चढवला आणि बायको, छकुली व सासूबाई यांच्यासह ते रवाना झाले.

अभयारण्य लहान होते. त्याची पाटीच काय ती मोठी. फक्त त्याच भागातले प्राणी ठेवायचे असा तिथला दंडक होता, आणि त्या भागातल्या प्राण्यांचा मुख्य गुण म्हणजे ते कोणाला दिसत नसत. रानमांजराच्या आवाराला पुढून एक मोठी काच होती. आत वाकडी फांदी, लाकडी खोके, ओल्या मातीत पंजांचे ताजे ठसे आणि ताटलीत अर्धा खाल्लेला मांसाचा तुकडा होता. मांजर तेवढे नव्हते.

"कुठंय?" छकुलीने विचारले.

"आत्ता इथेच होतं," गुडघ्यापर्यंत बूट घातलेला रखवालदार म्हणाला. "येईल पाच मिनिटांत. बसा."

हे वाक्य आपण कुठेतरी ऐकले आहे असे साहेबांना वाटले, पण कुठे ते आठवेना. काचेसमोर गर्दी वाढली. कोणी टकटक करून पाहिले, कोणी शीळ घातली. एका गृहस्थांनी आपण फार लांबून आलो असल्याचे खोक्याला उद्देशून दोनदा सांगितले. छकुलीचा चेहरा उतरू लागला, तसा साहेबांचा तोल सुटला.

"लोकांच्या वेळेला काही किंमत आहे की नाही?" ते रखवालदारावर कडाडले. "खायला घालता, राहायला जागा देता, मग जागेवर बसायला काय होतं त्याला? तेवढं एकच तर काम आहे!"

गर्दीने माना डोलावल्या. असा खमक्या माणूस आपल्या बाजूने हवा, असे एक बाई म्हणाल्यासुद्धा.

"जावईबापू," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "मी एकदा तुमचा विसरलेला चष्मा द्यायला ऑफिसात आले होते ना, तेव्हा अस्संच झालं होतं. चहा होता अर्धा कप, तुम्ही नव्हतात. कोटाशीच बोलत बसले बाई मी. भारी सभ्य वाटला."

साहेबांनी ताटलीतल्या अर्ध्या तुकड्याकडे पाहिले. मग ताज्या ठशांकडे पाहिले. ही मांडणी त्यांना परकी नव्हती. सगळे लोक लांबच्या खोक्याकडे डोळे लावून होते, म्हणजे खोक्यात कोणीही नसणार. साहेब गुडघ्यांवर बसले, काचेला गाल चिकटवला आणि सरळ वर पाहिले. काचेच्या वरच्या कडेला आतून एक फळी होती. फळीवर पट्ट्यापट्ट्यांची शेपटी सोडून रानमांजर पहुडले होते आणि सगळ्यांच्या टाळूंकडे निवांत बघत होते.

"खाली बस," साहेब कुजबुजले. "आता वर बघ. एकदम वर."

छकुलीने बघितले. तिने बाबांच्या गळ्यात हात टाकले. गर्दी आळीपाळीने गुडघ्यांवर आली. रखवालदारानेही ती फळी पहिल्यांदाच पाहिली.

"बाबा, तुम्हाला कसं कळलं?"

"अनुभव," साहेब म्हणाले. ते खरोखर सुखात होते. इतके सुख त्यांना बढतीच्या दिवशीही झाले नव्हते.

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारे गृहस्थ पुढे आले. ते घड्याळे दुरुस्त करणारे होते. त्यांनी साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहिलेही नाही. खिशातून भिंग काढून ते डाव्या बाहीवर वाकले.

"हा कोट मी ओळखतो," ते म्हणाले. "तिसरं बटण वेगळं आहे, दोरा निळा. कित्येक दिवस समोर बसून बघतोय. याच्यात माणूस असतो हे मात्र माहीत नव्हतं. नमस्कार, साहेब! माझ्या नव्या जागेचा दाखला तेवढा राहिलाय. जुनं दुकान गळतंय हो, घड्याळांत पाणी शिरतंय."

"माझे बाबा दिवसभर ऑफिसातच असतात," छकुली ठासून म्हणाली. "लोकांची कामं करतात."

"असतील गं बाळा," म्हातारबुवा म्हणाले. "चहा गरम असतो खरा."

पुढचे साहेबांनी ठरवून केले नाही; सवयीने झाले. त्यांनी कोट काढून बाकाच्या पाठीवर अडकवला, "बसा, आलोच पाच मिनिटांत" असे म्हणाले आणि नाहीसे झाले. म्हातारबुवाही सवयीने कोटासमोर बसले.

बराच वेळ झाला. बायको फाटकापर्यंत जाऊन आली. सासूबाईंनी उपाहारगृह धुंडाळले. रखवालदार बदकांच्या तळ्यावर बघून आला. छकुली तेवढी जागची हलली नाही. ती खाली बसली आणि बाकाला अगदी लागून असलेल्या माहितीफलकाच्या मागे तिने डोकावले.

"सापडले!"

गर्दी धावली. साहेब फलकामागे उकिडवे बसले होते. "गलका करू नका," रखवालदार म्हणाला, "बुजेल." एका गृहस्थांनी फलक मोठ्याने वाचून दाखवला. स्थानिक. अत्यंत लाजाळू. माणसाची चाहूल लागताच दडून बसते. "जिथं उभे असाल ना आजोबा, तिथंच खाली बघायचं," छकुलीने म्हातारबुवांना शिकवले. फळीवरच्या रानमांजरानेही मान खाली घालून नीट पाहून घेतले.

परतीच्या वाटेवर घर जवळ आले तेव्हा छकुलीने विचारले, "रानमांजर माणसांना घाबरतं. तुम्ही त्या आजोबांना घाबरलात?"

"हो," साहेब म्हणाले. त्यांना अतोनात लाज वाटली.

"उद्या भेटाल त्यांना?"

"भेटेन."

"खरं मानू?"

"मान," साहेब म्हणाले.

सोमवारी साहेब कोट अंगात घालून स्वतः खुर्चीवर बसले. म्हातारबुवा आले. त्यांनी खुर्चीकडे एक नजर टाकली आणि छकुलीने शिकवल्याप्रमाणे ते थेट चौकशीच्या खिडकीतून आत, खाली डोकावले. स्टूल रिकामे होते.

"साहेब कुठे गेले?" त्यांनी विचारले.

"आत्ता इथेच होते," शिपाई सवयीने म्हणाला.

"अहो, मी इथे आहे! खुर्चीवर!" साहेब ओरडले.

"थट्टा करता काय म्हाताऱ्याची," म्हातारबुवा म्हणाले. "साहेबांचा कोट घालून कोणीही बसेल. त्या खुर्चीवर साहेब नसतात." आणि ते जिना उतरू लागले.

साहेब दाखला घेऊन मागे धावले. त्यांनी म्हातारबुवांना फाटकाबाहेर गाठले, भिंगाखाली बाहीचे बटण दाखवून ओळख पटवली आणि भिंतीवर कागद टेकवून सही केली. म्हातारबुवांच्या डोळ्यांत पाणी आले. साहेबांच्याही आले.

नेमके त्याच वेळी कार्यालयात मोठे साहेब तपासणीला आले. खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर कोटही नव्हता. सबब, दाखले विभागाचे वरिष्ठ साहेब त्यांच्या संपूर्ण सेवेत प्रथमच जागेवर गैरहजर आढळल्याची नोंद घेण्यात आली. मोठ्या साहेबांना याचे फार वाईट वाटले. इतक्या वर्षांत या माणसाची खुर्ची कधी ओकीबोकी दिसली नव्हती, असे त्यांनी बोलूनही दाखवले.

घरी आल्यावर छकुलीने एवढेच विचारले, "भेटलात?" साहेब "भेटलो" म्हणाले आणि तिने ते खरे मानले. दुसऱ्या दिवशी कोट कुठे असावा, याबाबतचा निर्णय मात्र अद्याप विचाराधीन आहे.

हे वाचणाऱ्या साहेबांना हसायचे असेल तर खुशाल हसावे. फक्त जरा हळू. आपण हे कामाच्या वेळेत वाचत आहात, आणि कामासाठी आलेली मंडळी आपल्या कोटासमोर बसली आहेत.