मृणालीने हात वर केले, तेव्हा

या, जरा पुढे सरका. कीर्तनाला बसतात तसे मांडी घालून बसा, म्हणजे रोह्याच्या मृणालीला भर स्पर्धेत घाम का फुटला ते नीट सांगता येईल.

मृणाली धाटावच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत कामाला. सुटीच्या दिवशी ती व्हिडिओ गेममध्ये मारामाऱ्या करते. त्यासाठी एक दांडा आणि आठ बटणं असलेली पेटी तिने हौसेने घेतलेली. वडील काळुराम चाळीस वर्षं कीर्तनात टाळ धरणारे. जेवताना त्यांनी सांगून टाकलं, "रविवारी पेणला स्पर्धा हाय ना तुझी? जिंकलीस तर मुंबईच्या फेरीला जा. नाय तर ही पेटी विकायची."

"आणि दुसरी आले तर?"

"दुसऱ्याला प्रसाद मिळतो गो. पेटी नाय."

रविवारी वडखळला बापलेकीची एसटी अडकली. दहा मिनिटं उशीर झाला की खेळाडू बाद. आयोजक हरेशचा फोन आला, "येतेस, का नाव खोडू?"

"नामस्मरण कर," काळुराम म्हणाले.

"नामस्मरणाने ट्रक हलत नाय, बाबा."

"करून तरी बघ."

तिने केलं. पुढचा ट्रक हलला. काळुरामांनी नुसतं खिडकीबाहेर बघितलं, हे त्यांचे उपकार.

पेणच्या हॉलात शिरली तेव्हा हरेशने घड्याळ दाखवलं: वीस सेकंद शिल्लक. पण खरं संकट भिंतीपलीकडे होतं. तिथे सप्ताहाचा मांडव, आणि काल्याचं कीर्तन ऐन रंगात. हरेशने खिडक्या लावून घेतल्या होत्या. काळुराम लेकीच्या मागच्या खुर्चीत बसले. डोळे पडद्यावर, कान मांडवात.

मृणाली एकेक सामना काढत अंतिम सामन्याला पोचली. समोर पेणचाच एलियाह, जिभेने तिखट. "रोह्याची गाडी किती वाजता? तेवढ्यात आटपतो."

एक फेरी त्याची, एक हिची. शेवटच्या फेरीत नऊ सेकंद उरले तेव्हा दोघांचाही जीव काडीएवढा, तिचा केसभर जास्त. वेळ संपली की ज्याचा जीव जास्त तो जिंकणार. म्हणजे फटका मारणं एलियाहला भाग होतं, हिने फक्त अडवायचं होतं.

तेवढ्यात कुणीतरी उकडतं म्हणून खिडकी उघडली. बुवांची हाक आत आली, "बोला..."

ही हाक आली की मृणालीच्या घरात पाळण्यातल्या पोराचेही हात वर जातात. तिचेही गेले. पेटी मांडीवर, हात आढ्याकडे, तोंडाने जयघोष. मग तिला कळलं आपण काय केलं. जयघोष अर्धा टाकायचा कसा, आणि नाही टाकला तर पेटी चालली. मागे बाबांचेही हात वर. पडद्यावर तिचा लढवय्या माडासारखा उभा. पाच, चार, तीन. फटका काही येईना.

वेळ संपली. पडद्यावर मृणालीचं नाव झळकलं.

"तू मारलं का नाय?" हरेशने एलियाहला विचारलं.

एलियाह ओशाळला. "आम्ही ज्यू. आमची रेबेका आजी शुक्रवारी सांजेला शब्बाथचा दिवा लावताना डोळ्यांवर हात ठेवते. तवा घरात कोण हलत नाय. हिचे हात बघितले न् माझे आपसूक थांबले."

टाळ्या वाजल्या. मृणाली मात्र मांडीवरच्या पेटीकडे बघत राहिली.

"शेवटची फेरी परत खेळूया," ती म्हणाली.

"नियमात बसत नाय," हरेश म्हणाला.

"दोघांना चालत असेल तर?"

"विचार कर," एलियाह म्हणाला. "ह्या वेळी मी थांबणार नाय."

"खिडकी लावा," मृणाली म्हणाली. हरेशने ती स्वतः लावली आणि फेरी सुरू केली.

एकवीस सेकंदांत त्याने तिला आडवं केलं.

परतीच्या एसटीत तिने पेटी ओढणीने पुसली. विकताना बरी दिसावी. नागोठणं आलं. काळुराम हळूच म्हणाले, "तो खाली बसून लाथ मारत होता."

"हूं."

"तीनदा तीच लाथ. तू तिन्ही वेळा उभ्यानं अडवत होतीस. खालची लाथ खाली बसून अडवायची असते ना गो?"

मृणालीने पुसायचं सोडून पेटी त्यांच्याकडे वळवली.

"उद्या शिफ्ट सुटली की मला बटणं दाखव. घरात तुला मारणारं कोणतरी पायजे, त्याशिवाय हात बसायचा नाय."

"आणि पेटी विकायची ती?"

काळुराम चिडले. "विकून कसं चालेल? एका पेटीत दोघं खेळतात काय? दुसरी कुठं मिळते ते बघ."

आता उठा, पण एक करा. पुढच्या रविवारी एलियाहची मुंबईला फेरी आहे. संध्याकाळी देवापाशी दिवा लावाल तेव्हा त्या पोराची आठवण ठेवा.