पुस्तक न उघडणाऱ्यांची शाळा

एका जंगलात एक शाळा होती. तुमच्या शाळेसारखीच. फक्त तिथले विद्यार्थी उघडपणे प्राणी होते.

मुलांनो, ही गोष्ट मला बसल्या जागी सुचली बरं का. जराही कष्ट पडले नाहीत. माझ्या टेबलाखाली चुरगळलेले कागद दिसतात ते दुसऱ्या कुणाचे तरी आहेत.

तर त्या शाळेच्या सातवीत एक रीत होती. परीक्षेच्या दिवशी सगळे जण घंटेआधी जांभळीखाली जमायचे आणि आपला अभ्यास कसा झालेला नाही, हे एकमेकांना सांगायचे.

"माझे शेवटचे तीन धडे राहिलेत," माकड म्हणायचं.

"तीनच? मला तर आज कुठला पेपर आहे तेच माहीत नाही," तरस म्हणायचं.

मग तेजोमय नावाचा ससा एक लांबलचक जांभई द्यायचा. "मी तर पुस्तकच उघडलं नाही यार."

निकाल लागला की याच तेजोमयला पन्नासपैकी अठ्ठेचाळीस. वर्ग त्याच्याकडे बघतच राहायचा. न करता एवढे, मग केला असता तर किती!

खरं म्हणजे तेजोमय रोज दुपारी चार तास अभ्यास करायचा. बिळाच्या तोंडाला गवताचा बोळा लावून. कुणी खेळायला बोलवायला आलं, की त्याची आई बाहेर येऊन कपाळावर हात मारायची. "झोपलाय मेला. काय करावं या मुलाचं?" घराणंच कलावंत होतं.

त्याच वर्गात सगुणा नावाची साळिंदराची मुलगी होती. तिला एकदा वाचून काही लक्षात राहत नसे. म्हणून ती धडे सागाच्या पानांवर उतरवून काढायची, पानं पाठीवरच्या काट्यांना टोचायची आणि येता-जाता मान वळवून वाचायची. त्यामुळे तिचा अभ्यास लांबूनही दिसायचा.

"आली, चालती वही आली!" माकड ओरडायचं.

एवढं करून तिला चौतीस गुण पडायचे. अभ्यास करायचा आणि वर चौतीस! सातवीत याहून लाजिरवाणं काही नव्हतं. डबा खाताना तिच्या शेजारची जागा रिकामी असायची. सगुणाला त्याचं फार वाईट वाटायचं. गुणांपेक्षाही जास्त.

एकदा ओढ्यावर तिला तेजोमय एकटा भेटला.

"खरं सांग हं," ती म्हणाली. "तू अजिबात अभ्यास करत नाहीस?"

आजूबाजूला कुणी नव्हतं. खरं बोलला असता तर कुणाला कळलंही नसतं. पण मुलांनो, सवय फार वाईट.

"अजिबात नाही गं," तेजोमय म्हणाला. "वर्गात लक्ष दिलं की पुरे. तू उगाच त्रास करून घेतेस. बघ ना, म्हणून तर सगळे हसतात तुला. उद्या डबा घेऊन आमच्यात बस."

सगुणाने त्याच संध्याकाळी पाठीवरचं एकेक पान उपटलं आणि ओढ्यात सोडून दिलं.

पुढचे दोन महिने तिच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे गेले. ती सूरपारंब्या खेळली, जांभळं खाऊन जीभ निळी केली. "सुधारली बरं का आपली सगुणा," तरस म्हणालं. शेजारची जागा एकदाही रिकामी राहिली नाही.

मग वार्षिक परीक्षा आली. पास होणारे ओढ्यापलीकडे आठवीत जाणार होते. नापास होणारे अलीकडेच राहणार होते. पेपर सापळाशास्त्राचा होता.

"मी तर पुस्तकच उघडलं नाही," सगुणा जांभळीखाली ऐटीत म्हणाली.

त्या झाडाखाली पहिल्यांदाच कुणीतरी खरं बोललं होतं. पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

पहिलाच प्रश्न होता : गोड दिसणाऱ्या वस्तूजवळ जाताना कोणती खबरदारी घ्याल? सविस्तर लिहा. सगुणाने आपलं नाव लिहिलं, तारीख लिहिली, खाली सुबक रेघ मारली आणि घंटा होईपर्यंत बसून राहिली.

निकाल लागला. सगुणाला नऊ, तेजोमयला एकोणपन्नास.

"शाबास!" बगळे सर एका पायावर उभे राहून म्हणाले. "कसं साधलंस हे, बाळ?"

तेजोमयने नम्रपणे कान पाडले. "रोज दुपारी चार तास अभ्यास, सर. आणि तुमचे आशीर्वाद."

सगुणाचे काटे ताडकन उभे राहिले. "अरे, पण तू तर म्हणाला होतास..."

"अगं, ते सगळेच म्हणतात," तो कुजबुजला. "तू खरं धरून चाललीस?"

सगुणाने माकडाकडे पाहिलं. माकड झाडाकडे बघत होतं. तरसाने पायातला काटा काढायला घेतला.

जूनमध्ये सगळा वर्ग ओढा ओलांडून गेला. सगुणा अलीकडच्या काठावर उभी राहून त्यांची दप्तरं दिसेनाशी होईपर्यंत बघत होती. मग रडली. एवढं मात्र मला हसत सांगता येत नाही, मुलांनो.

पुन्हा सातवी. सगुणाने पुन्हा धडे उतरवून काढले. फक्त आता पानं काट्यांना टोचली नाहीत. घळीतल्या एका मोठ्या दगडामागे बसून वाचली. पहिल्या चाचणीत तिला सेहेचाळीस पडले. नवा वर्ग तिच्याभोवती गोळा झाला.

सगळे पांगल्यावर वेणू नावाचं मुंगसाचं पिल्लू घुटमळत मागे राहिलं. घोकून घोकून त्याचा घसा बसला होता आणि तरी त्याला एकवीसच पडले होते.

"सगुणाताई, खरं सांग हं. तू किती अभ्यास केलास?"

आजूबाजूला कुणी नव्हतं. सगुणाने त्या पिल्लाच्या तोंडाकडे पाहिलं. ते तोंड तिच्या चांगलंच ओळखीचं होतं. शेपटीजवळच्या काट्याला एक सागाचं पान चुकून अडकून राहिलं होतं, तेही तिला जाणवलं.

ती हळूच त्या पानावर बसली.

"छे रे," सगुणा म्हणाली. "मी तर पुस्तकच उघडलं नाही. ये, बस इथे शेजारी."

तात्पर्य : अभ्यास जरूर करावा, पण तो फक्त सरांना सांगावा. मित्रांना खरं सांगितलं तर मैत्री जाते. खोटं सांगितलं तर मित्राचं फक्त एक वर्ष जातं.