पावणेचार सरंगे

वेंगुर्ल्यापासून मसुऱ्यापर्यंत दशांश अपूर्णांक कोणाला कळत असतील तर ते आपल्यालाच, असं गणपत मास्तरांचं मत होतं, आणि वाडीत ते खोडून काढणारं कोणी नव्हतं. शेर-मण जाऊन किलो आले तेव्हा अख्खी वाडी त्यांच्या ओट्यावर हिशेब समजून घ्यायला बसली होती. बसली नव्हती ती फक्त त्यांची बायको. सुगंधाला दशांशाचं कौतुक नव्हतं. तिला कौतुक होतं मावसभावाचं.

हा मावसभाऊ विश्राम मुंबईला कुठल्याशा संस्थेत गणकयंत्राला हुकूम लिहून द्यायचा. यंत्र खोलीएवढं आणि हुकूम देणारा काडीपैलवान! तो शिमग्याच्या रजेवर आला आणि मास्तरांचा ओटा ओस पडला. मास्तर जळले. तेही धडधडून नव्हे, नारळाच्या ओल्या सोडणासारखे, आतल्या आत धुमसत. त्यात सुगंधाने एकदा ऐकवलंच, "विश्राम मशीनीक हुकूम सोडता आणि मशीन आयकता. तुमचा तर घरातला मांजर पण आयकणा नाय."

रविवारी तिने विश्रामला जेवायला बोलावलं आणि सकाळीच मास्तरांना बजावलं, की रापणीवरून सरंगे आणा, माझ्या भावापुढे बांगडे वाढून माझी शोभा करू नका. मास्तर किनाऱ्यावर गेले तर रापणीच्या मोठ्या जाळ्याचे दोर ओढायला विश्राम आधीच हजर! पाटलोण गुडघ्यापर्यंत दुमडलेली, आणि सगळे रापणकार त्याच्याकडे नवरदेवाकडे बघावं तसे बघतायत.

जाळं वर आलं. बांगडे टोपलीने वाटून झाले. सरंगे मात्र मोजून वाटायचे. मासे निघाले साठ आणि वाटे सोळा, मास्तरांचा धरून. रापणीचा म्होरक्या भाई तांडेल, त्याने वाटपाचा मान नेहमीप्रमाणे मास्तरांना दिला. वाटणाऱ्याने आपला वाटा शेवटी उचलायचा हा रापणीचा जुना रिवाज. त्यामुळे कोणाला संशयाला जागा राहत नाही.

"पावणेचार," मास्तरांनी तोंडी हिशेब केला आणि विश्रामकडे बघितलं. "तुझं यंत्र याचं काय करील रे?" चारचौघांत मास्तर शाळेतली मराठी बोलत.

"मशीन टिंबामागचा सगळा छाटून टाकता, भावजी. तीनच धरता," विश्राम म्हणाला. "जवळचो आकडो व्हयो तर आधी अर्धो मिळवचो लागता, मगे छाटचा. तसो हुकूम वेगळो लिवन दिवचो लागता."

तीन तीन वाटले तर मासे उरतील, ते बघू नंतर, असं भाई तांडेलही म्हणू लागला. आता तांडेलसुद्धा यंत्राच्या बाजूला! मास्तरांच्या डोक्यात तिडीक गेली. पावणेचाराचे तीन करणारं यंत्र माझ्या वर्गात असतं तर बाकावर उभं केलं असतं, असं त्यांनी जाहीर केलं. अर्ध्याच्या वर गेलं की पुढचा आकडा, हे चौथीतल्या पोराला कळतं. प्रत्येकाला चार!

"पण भावजी, सगळ्यांकच वर चढवलास तर शेवटाक कमी पडतला..."

मास्तरांनी हात वर करून त्याला गप्प केलं आणि वाटायला सुरुवात केली. जो तो चार सरंगे उचलून मास्तरांची तारीफ करत होता. कित्येक दिवसांनी कानांना बरं वाटत होतं. त्या नादात विश्रामच्या हातावरही त्यांनी चार ठेवले, तेही निवडून मोठे, उदारपणा दिसावा म्हणून. मग ते स्वतःचा वाटा उचलायला वाकले. खाली वाळू होती.

वाडीतल्या कोणाकडे सरंगा मागावा तर हिशेब चुकला हे कबूल करायला हवं. त्यापेक्षा मास्तर बांगड्यांची टोपली घेऊन घरी गेले. सुगंधाने टोपलीत डोकावून बघितलं आणि ती पायानेच मागल्या दारी सरकवली.

दुपारी विश्राम आला तो केळीच्या सोपाच्या दोरीत ओवलेले चारही सरंगे घेऊन. सुगंधाच्या चेहऱ्यावर जी कळा आली ती मास्तरांनी आपल्यासाठी कधी बघितली नव्हती. पानं वाढली तेव्हा विश्राम म्हणाला, "सुगंधाताय, तो मोठो भावजींका वाढ. मशीनीच्या हिशेबान माका तीनच गावले असते. चवथो भावजींच्या हिशेबाचो."

तो हे अगदी मनापासून बोलला, हेच मास्तरांना सहन होईना. पानाला हात लावायचा नाही असं त्यांनी ठरवलं. पण सरंगा तिरफळाच्या आमटीतला होता, आणि सुगंधाच्या हातचा. पहिला घास आगीसारखा गेला, दुसरा बरा गेला, आणि बघता बघता पानावर नुसता काटा उरला.

पातेल्यात अजून सरंगा होता. विश्राम मान खाली घालून जेवत होता. मास्तरांनी पान सुगंधापुढे सरकवलं, आणि शाळेतली मराठी गिळून हळूच म्हणाले, "गो, ह्येच्यात अर्धो मिळव."