मगरेभाऊंची रोजची चूक

मगरेभाऊ रोज रेडिओवर एक चूक करतात. मुद्दाम करतात. आणि केली, की माइक बंद करून, हाताची घडी घालून फोनकडं बघत बसतात.

आमचं रेडिओ केंद्र वडीगोद्रीला, हायवेच्या कडेला, एका खताच्या दुकानाच्या माडीवर आहे. केंद्र म्हणजे दोन खोल्या. निवेदक मगरेभाऊ, मशीनवर मी. आवाज शेजारचं अंतरवाली गाव ओलांडून थोडा पुढं जातो, मग नुसती खरखर. खालून ट्रक हॉर्न वाजवत गेला की तोही कार्यक्रमात येतो. त्याला आम्ही पाहुणा कलाकार म्हणतो.

"मोठ्या शहरात कोण ऐकतंय हे मोजायला माणसं ठेवलेली असत्यात," भाऊ म्हणतात. "आपल्याला कोण सांगंल? मंग आपणच गळ टाकायचा."

त्यांचा गळ म्हणजे ही चूक. शुक्रवारचा ते बिनदिक्कत शनिवार करून टाकतात. एकदा सांगितलं, "यंदा सोयाबीनला बोंडं झकास लागलीत." वाक्य पुरं व्हायच्या आत फोन. पलीकडून एक आजोबा: "मगरे, सोयाबीनला शेंगा असत्यात, बोंडं कपाशीला. वावरात कधी पाय ठेवलाय का न्हाई?" भाऊंचं स्वतःचं वावर आहे, आणि त्या वर्षी त्यात सोयाबीनच होतं. "चुकलं बाबा, माफी असावी," म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि पुरस्कार मिळाल्यासारखं माझ्याकडं पाहिलं.

मला हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. फोनवरची बोलणी मलाही खावी लागायची. "भाऊ, नीट बोललात तर लोक मान देतील," मी म्हणायची.

"बराबर बोलणाऱ्याला कोण फोन करतंय, ताई?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

एकदा जालन्याहून आमचं केंद्र चालवणाऱ्या संस्थेचे साहेब आले. बसल्या बसल्या म्हणाले, "हे ऐकतंय कोण? प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. दुपारचा कार्यक्रम बंद करू." भाऊंनी साहेबांपुढं चहा सरकवला, माइक चालू केला आणि शांतपणे सांगितलं, "मंडळी, आज सूर्य पैठणकडून उगवला." पैठण आम्हाला मावळतीकडं. लगेच फोन. भाऊंनी तो सरळ साहेबांच्या हातात दिला. साहेब बराच वेळ उगवती-मावळतीचे धडे घेत होते. एक ठेवला की दुसरा. कार्यक्रम वाचला. चहा मात्र गार झाला.

कार्यक्रम संपवताना भाऊ कधी चुकायचे नाहीत. तिथं त्यांचं एक खरंखुरं वाक्य असायचं: "चला मंडळी, मालन भाकरी टाकून राह्यली, गार व्हईल. येतो." मालन म्हणजे त्यांची बायको. हे ऐकूनच आमच्या भागात कितीतरी घरांत ताटं घेतली जायची.

मागच्या हिवाळ्यात मालनवहिनी गेल्या. थोडं दुखणं काय झालं, आणि गेल्याच. रेडिओवर ती बातमी मी वाचली; कशी वाचली ते विचारू नका. जलदानविधी उरकला आणि दुसऱ्या दिवशी भाऊ कामावर हजर. "घरी बसून कुणाशी बोलू?" म्हणाले. बाजारभाव झाले, हवामान झालं, कुणाची तरी शेळी हरवली होती तेही सांगून झालं. मुद्दामची चूक त्या दिवशी केलीच नाही. आणि शेवटी, जिभेच्या सवयीनं, "चला मंडळी, मालन भाकरी टाकून राह्यली..."

तिथंच थांबले. मी घाईघाईनं गाणं लावलं.

भाऊ फोनकडं बघत बसले. गाणं संपलं. दुसरं लावलं, तेही संपलं. फोन वाजला नाही.

"चुकलो ना मी, ताई?"

"हो, भाऊ."

"मंग फोन का न्हाई आला? येवढी मोठी चूक झाली." मग खुर्ची मागं सारून म्हणाले, "साहेब बराबर बोलल्ते. कुणीच ऐकून न्हाई राह्यलं."

बायको गेल्यावरही हा माणूस एवढा खचलेला मी पाहिला नव्हता. ते जिना उतरले, मी मागोमाग. खाली खताच्या दुकानाला लागून सलीमभाईचं चहाचं हॉटेल आहे, तिथं दिवसभर आमचाच रेडिओ चालू असतो. एरवी बाकड्यांवर हा गलका असतो. त्या दुपारी सगळे माना खाली घालून बसलेले. सलीमभाईनं चहा विचारला नाही. त्यानं आपला घरचा डबा उघडला, भाकरी आणि भाजी ताटलीत काढली आणि भाऊंपुढं ठेवली.

"बसा भाऊ. गरम न्हाई, पण खा."

भाऊ उभेच. "तू ऐकलं?"

"सगळ्यांनीच ऐकलं," सलीमभाई म्हणाला. "फोन कोणत्या तोंडानं करायचा?"

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. भाऊ बाकावर बसले. शेजारच्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यांनी डोळे पुसले, तुकडा मोडला, आणि सावकाश सगळी भाकरी खाल्ली.