खुंटी नंबर साडेसोळा

कॉम्प्युटरच्या बाबतीत आमच्या घरात माझा हात धरणारं कोणी नाही! नवरा चार्जर लावतो, बटण दाबायला विसरतो आणि मोबाइल बिघडला म्हणून जाहीर करतो. सासूबाई माउस वापरण्याआधी उचलून खालून बघतात, जसं काही तो चावणारच आहे. मी पडले सॉफ्टवेअर कंपनीतली. साहजिकच सासूबाईंच्या लाँड्रीतला कॉम्प्युटर माझ्याकडे आला.

त्यावर एक जुनाट प्रोग्राम होता. कपडे आले की टोकन द्यायचं, इस्त्री झाली की चिठ्ठी छापायची आणि कुठल्या खुंटीवर टांगायचं ते सांगायचं. बस्स, एवढंच! पण कधी चुकला नव्हता.

"आई, कपडे तयार झाले की गिऱ्हाइकाला आपोआप मेसेज गेला तर?"

"आत्ता नीट चाललंय ना?"

"हो."

"मग?"

त्या 'मग?'पाशीच मी थांबायला हवं होतं. पण मी म्हटलं, "दहा मिनिटांचं काम आहे हो! तुम्ही डोळे तपासून येईपर्यंत झालेलं असेल."

सासूबाईंनी दुकानाच्या चाव्या माझ्या हातावर ठेवल्या. लग्नानंतर पहिल्यांदाच! मी इतकी फुगले, की काउंटरच्या फटीतून आत शिरायला मला आडवं व्हावं लागलं.

आता थोडं कामाचं सांगते, घाबरू नका. हा प्रोग्राम एका कंटेनरमध्ये होता. कंटेनर म्हणजे बंद डबा, प्रोग्रामला लागतं ते सगळं आतच. त्या डब्यात पायथन नावाच्या भाषेची जुनी आवृत्ती होती आणि मेसेज पाठवायला लागत होती नवी. मी काय केलं? नवीसुद्धा त्याच डब्यात कोंबली!

झालं! प्रोग्राम उठेचना. जुन्याला नव्याचं लिहिलेलं कळेना, नव्याला जुन्याचं पटेना. पडद्यावर चुका दाखवणाऱ्या लाल अक्षरांचा नुसता पूर आला.

मी ऑफिसमधल्या मित्राला फोन लावला. त्याला आम्ही 'शंकेखोर' म्हणतो, कारण तो लिफ्टचं बटण दाबल्यावरही जिना कुठे आहे ते बघून ठेवतो.

"दोन डबे कर," तो म्हणाला. "जुना एका डब्यात, नवा दुसऱ्यात. एकत्र ठेवलंस तर भोगशील."

"अरे, लाँड्री आहे ती, अवकाशयान नव्हे! जुना प्रोग्रामच नव्या आवृत्तीवर आणते. लाल ओळ दिसली की दुरुस्त करायची!"

"जिथे लाल ओळ दिसत नाही तिथे काय करशील?"

मी फोन ठेवला. अशुभ बोलणाऱ्या माणसांशी कामाच्या वेळी बोलू नये.

एक ओळ दुरुस्त केली, डबा नव्याने सुरू केला, प्रोग्राम कोसळला. दुसरी दुरुस्त केली, पुन्हा सुरू, पुन्हा कोसळला. घड्याळाकडे बघायची हिंमत होईना. तळहात इतके घामेजले की माउस हातातून निसटायला लागला. असं कितीदा केलं, देव जाणे! पण शेवटी प्रोग्राम उठला. लाल काही नाही! मी खुर्चीतच एक गिरकी घेतली.

"वहिनी," आतून इस्त्रीकाकांचा आवाज आला. आमच्याकडे इस्त्री करतात ते. "साडेसोळा नंबरची खुंटी कुठेय?"

"साडे... काय?"

"सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा छापून आल्यात, त्यातल्या एकीवर आहे. खुंटी साडेसोळा."

मग उलगडा झाला. एका खुंटीवर दोन टोकनांचे कपडे टांगायचे, म्हणून प्रोग्राम टोकनाला दोनाने भागायचा. तेहतीस भागिले दोन? जुना पायथन म्हणायचा सोळा, उरलेलं गुपचूप गिळून टाकायचा. नवा पडला काटेकोर! तो म्हणाला साडेसोळा. चूक नव्हतीच, मग लाल ओळ कशी दिसणार?

"काका, थांबा जरा, मी बघते!"

"बघायचं काय त्यात? केली की सोय!"

मी आत धावले. काकांनी सोळा आणि सतरा यांच्यामध्ये खिळा ठोकला होता. अठरा आणि एकोणीसच्या मध्येही. भिंतभर सगळीकडे! हातात हातोडी, तोंडात खिळे आणि चेहऱ्यावर समाधान.

"नवीन पद्धत झकास आहे हो," ते खिळ्यांमधून म्हणाले. "जागा दुप्पट झाली!"

एवढ्यात बाहेर कोणीतरी काउंटर बडवला. काळा-पांढरा पोशाख केलेल्या वकीलबाई होत्या. "माझा गाऊन द्या लवकर! अर्ध्या तासात कोर्टात उभं राहायचंय. आणि कितीदा मेसेज करता? गाऊन तयार आहे, गाऊन तयार आहे! मी मोठ्या वकीलसाहेबांसमोर बसले होते, फोन थांबेचना!"

त्यांच्या मागे आणखी एक बाई. तिच्या मागे दोघे. त्यांच्या मागे रस्त्यापर्यंत रांग!

मी धावत जाऊन मेसेजची यादी उघडली. प्रोग्राम सुरू झाला की आधी मेसेज पाठवायचा आणि मग कोसळायचा. कोणाला पाठवले याची नोंद मी डब्यातच ठेवली होती आणि डबा नव्याने सुरू केला की ती कोरी! म्हणजे मी जितक्या वेळा दुरुस्ती केली, तितक्या वेळा झाडून सगळ्यांना मेसेज! ज्यांचे कपडे वर्षानुवर्षं पडून होते, त्यांनासुद्धा.

"काका, वकीलबाईंचा गाऊन!"

"साडेतेवीसवर!" असं म्हणत काकांनी गाऊन ओढला आणि गाऊनबरोबर खिळा आला. खिळ्याबरोबर भिंतीचा पोपडा आला. मग तेवीस, चोवीस, साडेचोवीस... कोट, साड्या, पडदे, रजया, सगळं धडाधड खाली! भिंतीजवळ कपड्यांचा डोंगर आणि डोंगरात कुठेतरी काळा गाऊन.

मी गुडघ्यांवर बसून उकरायला लागले. बाहेर वकीलबाई ओरडत होत्या, "केस बुडाली माझी!" माझ्या डोळ्यांसमोर केस नव्हती, सासूबाईंचा चेहरा होता. अखेर एक काळी बाही लागली. ओढली, झटकली, चुना लागलेला तसाच गाऊन बाहेर फेकला. वकीलबाई तो घालत घालतच पळाल्या.

नेमक्या तेव्हा सासूबाई आल्या! नवऱ्याचा हात धरून, काळा चष्मा लावून. डोळ्यांत थेंब घातलेले, समोरचं सगळं अंधूक.

"इतकी माणसं कशी गं? सगळं ठीक आहे ना?"

"ह... हो, आई. तुम्ही बसा. चहा घेता?"

त्यांना खुर्चीत बसवलं, नवऱ्याला काउंटरवर उभं केलं, काकांची हातोडी काढून घेतली आणि दोन डबे केले. जुना एकात, नवा दुसऱ्यात. शंकेखोराने सांगितलं होतं तसंच, अगदी तसंच! मेसेजची नोंद डब्याबाहेर ठेवली. खुंटी पुन्हा सोळा झाली. काय सुरेख काम झालं म्हणून सांगू! पण बघायला कोणी नव्हतं. सगळे डोंगरातून कपडे शोधत होते.

संध्याकाळपर्यंत रांग संपली. सासूबाईंची दृष्टीही निवळली. त्यांनी चष्मा काढला, भिंतीकडे पाहिलं, खिळ्यांच्या भोकांकडे पाहिलं. मग त्या मागच्या कपाटाकडे गेल्या. न नेलेल्या कपड्यांनी ते इतकं ठासून भरलेलं असायचं, की दार लावायला दोघांना रेटावं लागायचं. आता रिकामं!

"सगळे येऊन घेऊन गेले?"

"हो, आई. एक छोटासा बिघाड झाला होता, मेसेज पुन्हा पुन्हा गेले. पण मी दुरुस्त केलंय! आता एकाला एकच मेसेज. अगदी पक्कं काम आहे, बघा ना!"

मी मोठ्या उत्साहाने पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

"ते राहू दे," त्या म्हणाल्या. "बिघाड कुठल्या बटणाने होतो, ते मला दाखवून ठेव."