चिखल्याचा वाळा आणि चौकड्यांचा शर्ट

माझ्याविषयी मीच चांगले लिहावे हे माझ्या विनयशील स्वभावात बसत नाही. पण दुसरे कोणी लिहीत नाही, त्याला मी काय करणार? मी गोकुळदास आरोलकर. पेडणे तालुक्यातला पहिला खाजगी गुप्तहेर, आणि आजवरचा अनुभव पाहता बहुधा शेवटचाही. मुरगाव बंदराच्या गेटवर मी सत्तावीस वर्षे पास तपासले. पासावरचा फोटो आणि पास धरणारा माणूस यांच्यातला फरक शोधता शोधता नजर अशी तयार झाली की आता मला कोणताच माणूस त्याच्या स्वतःसारखा दिसत नाही. गोवा राज्य झाले त्याच आठवड्यात मी निवृत्त झालो आणि पडवीवर बोर्ड लावला. भाषेवरून तेव्हा वातावरण तापलेले होते. कोणी दुखावू नये म्हणून बोर्ड वर मराठीत आणि खाली कोकणीत रंगवून घेतला. दहा महिने झाले, गिऱ्हाईक अजून एकाही भाषेतून आलेले नाही.

अर्थात हाती प्रकरणे नव्हती असे नाही. गेल्याच महिन्यात माझा आवडता, निळ्या चौकड्यांचा शर्ट अंगणातल्या दोरीवरून नाहीसा झाला. तो तपास मी उघडा ठेवला आहे. सुदैवाने एकाच ताग्यातून दोन शर्ट शिवले होते, त्यामुळे दुसरा अंगात घालून पहिल्याचा शोध घेता येतो.

अशा वेळी, मार्चच्या मध्यात, माझ्या बायकोची भाची क्षमा आमच्याकडे राहायला आली. मूळची आमोण्याची, डिचोलीच्या शाळेत शिक्षिका. गळ्यात कॅमेरा, काखेत गोणपाटाची गुंडाळी आणि चार बांबू. आमच्या गावाच्या खाडीकाठी दर हिवाळ्यात परदेशातून पक्षी उतरतात, चिखलातले किडे खातात आणि उन्हाळा लागला की परत जातात. त्यांचे फोटो काढायला ती आली होती. गावाचे नाव मात्र कुठे सांगायचे नाही अशी तिने मला शपथ घातली आहे. मागे कुणीतरी नाव सांगितले तर दुसऱ्या रविवारी दोन टेंपो भरून माणसे आणि एक रेकॉर्डप्लेअर येऊन उतरला. म्हणून मी एवढेच सांगतो की धारगळला हायवे सोडायचा आणि पश्चिमेकडे वळायचे. पुढचे मेलो तरी सांगणार नाही.

चौथ्या दिवशी क्षमा खाडीवरून परतली ती काखेत एक मडके घेऊन. मडक्यावर चुन्याने डोळे आणि दात काढलेले होते.

"काका, माझ्या खोपीवर रोज कुणीतरी हे ठेवतंय. सोबत दोरीला डबा, आत खडे. वाऱ्याने खडखडतो आणि सगळे पक्षी पलीकडच्या काठाला जाऊन बसतात. मी रोज सकाळी काढते, रोज संध्याकाळी नवीन येतं. कुणीतरी मुद्दाम करतंय."

गोणपाटाची खोपी म्हणजे तिचा आडोसा. पहाटे ती त्यात शिरायची आणि तिथून हलायची नाही.

"खोपी कशाला? सरळ जाऊन फोटो काढ की," मी म्हणालो.

तिने मडके पडवीवर टेकवले. मग म्हणाली, "गेल्या वर्षी तेच केलं. एका चिखल्याच्या पायात वाळा दिसला. एवढासा पक्षी, मुठीत मावेल. कुठल्यातरी देशात त्याला कुणीतरी तो घातलाय, त्यावर अक्षरं आहेत. ती वाचली तर तो कुठून येतो ते कळेल. म्हणून मी पुढे गेले. थवा उडाला. मी पुन्हा गेले, पुन्हा उडाला. दिवसभर उडवत राहिले, काका. त्यांना हजारो मैल जायचं असतं, त्याआधी पोटभर खायचं असतं. दुसऱ्या दिवशी तिथे एकही पक्षी नव्हता. वर्षभर मनाला लागून राहिलं. यंदा तोच वाळेवाला परत आलाय. आठवड्याभरात ते जातील. माझ्या रोलमध्ये चारच फोटो उरलेत. आता मी जाणार नाही, त्यालाच येऊ देणार. पण हे मडकं येऊ देईल तर ना!"

मुलीच्या डोळ्यात पाणी होते. मी प्रकरण तात्काळ हाती घेतले.

पहिला सिद्धांत मी जेवणाआधीच मांडला. मडक्याचे तोंड उत्तरेला होते. उत्तरेला तेरेखोलची खाडी, खाडीपलीकडे महाराष्ट्र, आणि तिकडे आपल्याकडची दारू महाग विकली जाते. म्हणजे हा चोरट्या मालाचा इशारा. दात दिसले की माल पाठवा. हा सिद्धांत दुसऱ्या दिवशी मडक्याचे तोंड दक्षिणेला निघाल्यामुळे थोडा मागे पडला.

दुसरा सिद्धांत धंद्यातल्या स्पर्धेचा. म्हापशात एका फोटो स्टुडिओचा मालक आहे. क्षमाच्या यशावर जळेल असा फोटोग्राफर जवळपास तोच. मी गिऱ्हाईक बनून आत गेलो आणि त्याची तासभर उलटतपासणी केली. तो फक्त लग्नाचे फोटो काढतो आणि त्याला चिमणी आणि कावळा सोडून तिसरा पक्षी माहीत नाही, एवढे निष्पन्न झाले. शिवाय माझे पासपोर्ट फोटो निष्पन्न झाले, तीन प्रती.

आठव्या दिवशी गुन्हेगार चुकला. त्याने मडक्याखाली आडव्या काठीवर एक शर्ट चढवला. क्षमाने तो माझ्यापुढे मेजावर ठेवला. मडकी पडवीवर क्रमांक घालून ओळीने मांडलेली होतीच. मी भिंग काढले.

"लिहून घे," मी म्हणालो. "शर्टाचा मालक पन्नाशी ओलांडलेला आहे. पोटावरची दोन बटणे तुटलेली, म्हणजे खादाड. खिशाला शाईचा डाग, म्हणजे पेनाला टोपण लावायची अक्कल नाही. छातीवर चहाचे शिंतोडे, म्हणजे पिताना बोलतो, आणि बहुधा स्वतःविषयीच बोलतो. कॉलर मात्र रोज इस्त्री केलेली. म्हणजे आळशी, गबाळा, आणि तरीही स्वतःला कोणीतरी विशेष समजणारा. कापड निळ्या चौकड्यांचे. असले कापड अंगावर घालणाऱ्या माणसाची अभिरुची काय असणार ते सांगायला नको."

क्षमाने एकदा शर्टाकडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले, आणि पदर तोंडाला लावून आत निघून गेली. माझी बुद्धी एकदम समोर आली की माणसाला असे होते.

त्या संध्याकाळी मी बांधावर दबा धरून बसलो. खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा लांब बांध आहे. अलीकडे पिकत आलेले वायंगणाचे, म्हणजे उन्हाळी, भात, पलीकडे चिखल, आणि बांधाच्या कडेला क्षमाची खोपी. सूर्य बुडायला आला तेव्हा पावले वाजली. मी श्वास रोखला. पण आला तो आमचा सगुण. बांधाची राखण करतो, तिथले भातही त्याचेच. काखेत मडके होते.

"गोकुळदासबाब! बरे मेळ्ळे," तो म्हणाला. "तुमच्याकडेच येवपाचो आसलंय. माजी मडकी कोण तरी चोरता. रोज सांजे एक दवरतंय, सकाळी बघूक गेल्यार नाय. सात मडकी गेली, बाब. आज तर शर्टय गेलो."

"सगुण," मी कडक आवाजात म्हणालो, "मी एका गंभीर प्रकरणात गुंतलो आहे. मडकीचोरीसारख्या फुटकळ गोष्टींना आता वेळ नाही. आणि इथे फिरू नकोस, पायांचे ठसे पुसले जातील."

"मग ह्या मडक्याक खय दवरू?"

"कुठेही ठेव. मला काय विचारतोस?"

त्याने मान डोलावली. सात वाजेपर्यंत संशयास्पद असे कोणीच फिरकले नाही. घरी सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, आमटी होती, म्हणून मी उठलो. सगुण तेवढा मागे होता. आणि पाहा गुन्हेगाराची चलाखी! सकाळी खोपीवर आठवे मडके हजर.

नाश्त्याला मी पोयी, आमचा कोंड्याचा पाव, चहात बुडवत दोन्ही प्रकरणांचा आढावा घेतला. भाग्यलक्ष्मी, म्हणजे आमची मंडळी, वाटीत चमचा, तिच्या भाषेत कुलेर, ढवळत ऐकत होती.

"एकीकडे मडकी येताहेत," मी म्हणालो, "दुसरीकडे सगुणाची मडकी जाताहेत. सामान्य बुद्धीचा माणूस इथेच फसला असता. पण मी सांगतो, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही."

भाग्यलक्ष्मीने कुलेर खाली ठेवली.

"अहो, तो शर्ट तुमचोच."

"कोणता?"

"मेजावरचो. म्हयनोभर सांगत आसलंय, फाटलो, टाकून दिया. तुमी आयकना. म्हणान मीच सगुणाच्या विमलाक दिलंय, भातात बुजगावण्याक. आता क्षमान शेताच्या कडेक गोणपाट घालून चार बांबू उभे केल्यार सगुण काय समाजतलो? मास्तरणीन गावाक बुजगावणो करून दिल्लो, फक्त तकली करूक तिका जमूक नाय, असो!"

तकली म्हणजे डोके. मडकी येत होती ती त्यासाठी. क्षमाने हातातला कप तसाच धरला होता. मी पोयीचा तुकडा चहातून काढायला गेलो तर तो तळाशी गेला होता. भाग्यलक्ष्मीने जे सांगितले ते माझ्या डोक्यात कालपासून घोळतच होते, फक्त वर आले नव्हते.

आम्ही मुद्देमाल घेऊन सगुणाकडे गेलो. आपली आठही मडकी ओळीने पाहून त्याचा चेहरा उजळला. "गोकुळदासबाबान सोदून काडली!" तो विमलाला ओरडून म्हणाला. मी नाही म्हटले नाही.

क्षमाने त्याला खोपीचे काम समजावले. सगुण कपाळावर हात मारून घेत राहिला. "बाय, माका वाटला तू आमका मदत करतस. म्हणान मी रोज सांजे तुज्या कामात मातशी भर घालतंय, बाय थकली आसतली म्हणान."

"तुमचं भात पण राखायला हवं ना," क्षमा म्हणाली. "पण हे चिखलातले पक्षी भात खात नाहीत हो."

"ता माका खबर नाय? ते किडे खातत. भात खातत त्यो चिमण्यो. ह्या बापड्यांक मी कित्याक भियेवू?" तो जरा दुखावला होता. मग त्याने आपणहून डबा आणि मडकी बांधाच्या अलीकडे, शेताच्या मधोमध नेऊन लावली. जाताना म्हणाला, "आनी बाय, बांबू बांधात खुपसू नको. भोकातून खारे पाणी भातात येता. दगडाचो टेकू दी." क्षमाने तिथल्या तिथे चारही बांबू उपटले आणि भोके चिखलाने लिंपली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तिच्याबरोबर निघालो. तिने मला नको म्हटले होते, पण प्रकरण बंद होताना गुप्तहेर हजर लागतो. ती खोपीत शिरली. मी बांधावरून मागेमागे फिरत ठशांची शेवटची पाहणी करत होतो, एवढ्यात भरती चढू लागली. पाणी चढले तसा चिखल कमी होत गेला आणि पलीकडचा थवा बसायला जागा शोधत थेट आमच्या बाजूला आला. माझ्यापासून पंधरा पावलांवर शंभरएक पक्षी!

खोपीतून अगदी हळू आवाज आला. "काका, आहात तसे उभे राहा. हलू नका. तुमच्यासारखाच चौकड्यांचा शर्ट त्यांनी आधी पाहिलाय."

माझा एक पाय पुढे होता आणि दोन्ही हात तोल सावरायला पसरलेले होते. मी तसाच राहिलो.

वाळेवाला दिसला. तुरुतुरु धावायचा, थांबायचा, चिखलात चोच घालायचा, पुन्हा धावायचा. पण वाळा चिखलाने बरबटला होता. अक्षर एकही दिसेना. माझ्या मनात आले, एक पाऊल पुढे टाकावे, त्याला पाण्याकडे हाकलावे, म्हणजे पाय धुतला जाईल. सत्तावीस वर्षांच्या अनुभवातून आलेली कल्पना होती. मग गेल्या वर्षीची क्षमा आठवली आणि पाय जागीच राहिला. नाकावर डास बसला. तो उठला, दुसरा बसला. खोपीतही काही हालत नव्हते. अर्धा तास गेला असेल.

मग भरतीचे पाणी आपणहून त्याच्या पायापर्यंत आले. तो त्यात शिरला, पंख झाडून अंग धुतले आणि बाहेर येऊन एका पायावर उभा राहिला. स्वच्छ वाळा उन्हात चमकला.

कॅमेरा एकदा वाजला. थोड्या वेळाने आणखी एकदा. रोलमध्ये दोन फोटो बाकी होते, पण क्षमाने ते काढले नाहीत. पक्षी खात राहिले. ओहोटी लागली तेव्हा सगळा थवा एकदम उठला, वर एक वळसा घेतला आणि उत्तरेकडे निघून गेला.

क्षमा खोपीतून बाहेर आली. ती रडत होती आणि हसतही होती. "तीन अक्षरं, काका. तिन्ही वाचता आली." मग म्हणाली, "आणि यंदा मी त्यांना उडवलं नाही. त्यांचे ते गेले."

माझे गुडघे आखडले होते आणि हात खाली येत नव्हते. त्याच वेळी पलीकडच्या बांधावरून विमला आणि तिची शेजारीण यशोदा गवताचे भारे घेऊन चालल्या होत्या. यशोदा थांबली, कपाळावर हात धरून माझ्याकडे बघत राहिली.

"विमला गो, तुज्या घोवान यंदा बुजगावणो बरो केल्लो दिसता," ती म्हणाली. "फक्त पोटात गवत मातशे ज्यास्त भरल्यान."

मी हललो नाही. एवढ्या वर्षांत माझ्या हातून झालेले चोख काम ते एवढेच होते, आणि ते मला बिघडवायचे नव्हते.