जावक निरंक

माझ्या पन्नासाव्या वाढदिवशी सकाळी सात वाजता टेंभेकर काकांचा फोन आला. "सर, आज तुमच्या तारखेला आवक कमी आहे, जावक तगडी. एक बादशहा, दोन कवी, आणि एक अख्खी बोट बुडाली. सांभाळून रहा जरा." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. शुभेच्छा राहून गेल्या असं नाही, त्या द्यायच्याच नव्हत्या.

आवक म्हणजे जन्म आणि जावक म्हणजे मृत्यू. मनोहर टेंभेकर तीस वर्षं पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. आलेला माल डावीकडे, गेलेला उजवीकडे, आणि काहीच गेलं नसेल तर 'निरंक' असं लिहून खाली सही. निवृत्त झाल्यावर बोल्ट आणि बेअरिंगच्या जागी थोर माणसं आली, एवढाच फरक पडला. या हिंदी मुलखात आमच्या कॉलनीतल्या मराठी वाचनालयाच्या दाराशी एक काळा फळा आहे. त्यावर ते रोज सकाळी साडेसहाला, कानटोपी घालून, खडूने दिनविशेष लिहायचे. कमिटीतल्या कुणीतरी हरकत घेतली होती की थोर माणसं म्हणजे काय नट-बोल्ट आहेत का. काका म्हणाले, "नट-बोल्ट बरे. परत वापरता येतात."

फळा वाचणारे आठ-दहा पेन्शनर. त्यातल्या निम्म्यांना फक्त आपल्या वयाचं कोण गेलं ते हवं असायचं. बाकीचे चूक शोधायला यायचे आणि हात हलवत परत जायचे, कारण काकांची चूक सापडत नसे. कुणी काही हटकलंच तर ते हात पुढे करायचे, "पर्ची दाखवा." पर्ची म्हणजे पुरावा. "बिना पर्चीचा माल आपण गोदामात घेत नाही, भिया." शेजारच्या देशपांड्यांनी मुलीच्या लग्नाची पत्रिका दिली, तेव्हा काकांनी आधी तारीख वाचली आणि म्हणाले, "या तारखेला तीन तह झाले. तिन्ही मोडले." देशपांडेबाईंनी त्यांना पेढा द्यायचा राहू दिला.

मी कॉलेजात इतिहास शिकवतो. वाचनालयाच्या वार्षिक अंकात मी एक लेख लिहिला आणि त्यात एका तहाची तारीख एका दिवसाने चुकली. दुसऱ्या दिवशी फळ्यावर तळाशी ठळक अक्षरांत होतं, 'दुरुस्ती: सरांच्या लेखातला तह एक दिवस आधी झाला. पर्ची उपलब्ध.' ती ओळ त्यांनी तीन दिवस पुसली नाही. माझ्या विद्यार्थ्यांनी तिचे फोटो काढले. मी चारचौघांत हसलो, पण मनात धरून ठेवलं. मी तसा मोठ्या मनाचा माणूस नाही, हे इथेच सांगून टाकलेलं बरं.

वर्षातल्या एका तारखेला मात्र फळ्यावर एक गडबड असायची. तारीख थंडीतली आहे, ती मी इथे लिहिणार नाही. त्या दिवशी आवकीत चार ओळखीच्या नावांच्या मध्ये एक 'वैजयंती' यायची. आडनाव नाही, साल नाही. आणि उजवीकडे 'जावक: निरंक'. आता त्या तारखेला जगात भरपूर माणसं गेली आहेत, मला पाच-सहा तोंडपाठ आहेत. काका थकले, कंटाळा करतात, असं मी समजलो. त्यांना सांगितलं मात्र नाही. कधीतरी उपयोगी पडेल म्हणून जपून ठेवलं.

तो उपयोग सौरभने केला. सौरभ पुण्याहून इथल्या एका आयटी कंपनीत आलेला, हुशार, वाचनालयाचा नवा सेक्रेटरी. फळा काढून तिथे स्क्रीन लावायची, दिनविशेष आपोआप येईल, असा त्याचा प्रस्ताव होता. मीटिंग नेमकी त्याच तारखेला संध्याकाळी पाचला ठरली. सौरभने मोबाइल काढला. त्याच्याकडे मागच्या तीन वर्षांचे फळ्याचे फोटो होते.

"बघा, मी पर्सनल काही बोलत नाहीये," तो म्हणाला. "पण तीन वर्षांपूर्वी आजच्या तारखेला 'नृत्यांगना वैजयंती'. पुढच्या वर्षी 'शल्यविशारद वैजयंती'. गेल्या वर्षी 'वैमानिक वैजयंती'. आणि आज सकाळी 'न्यायमूर्ती वैजयंती'. एकच बाई हे सगळं कशी होईल? नेटवर अशी कुणीच नाही. काका, पर्ची?"

सगळे हसले. कितीतरी वर्षांचं हसू साठलं होतं, ते एकदम बाहेर पडलं. देशपांडे तर टेबलावर हात आपटून हसले. काका खुर्चीत बसून कानटोपीची घडी घालत राहिले. मग म्हणाले, "याची पर्ची माझ्यापाशी नाही."

सौरभ माझ्याकडे वळला. "सर, तुम्ही इतिहासाचे आहात. अशी कुणी व्यक्ती आहे?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात विनवणी होती, हे मला तेव्हाही कळलं होतं. कळलं नव्हतं असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. असेल, एवढं म्हणून भागलं असतं. मला तीन दिवस फळ्यावर राहिलेली ती ओळ आठवली आणि मी म्हणालो, "माझ्या वाचनात तरी नाही."

काका उठले. दारापाशी जाऊन त्यांनी अख्खा फळा पुसला, खडूंचा डबा आणून सौरभसमोर ठेवला आणि निघून गेले. प्रस्ताव एकमताने मंजूर झाला. एकमतात माझंही मत होतं.

त्यांची कानटोपी खुर्चीवर राहिली होती. ती द्यायला म्हणून सहाच्या सुमाराला मी त्यांच्या घरी गेलो. काका अजून पोचले नव्हते. कुसुमकाकूंचे गुडघे गेले आहेत, त्या दीड वर्ष दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरलेल्या नव्हत्या.

"बसा नं सर. हे बिलकुल सीधे घरी येत नाहीत, मंडीत फिरत असतील," त्या म्हणाल्या. मग दाराकडे बघत आवाज खाली केला. "बरं झालं तुम्ही आलात. ह्या वर्षी काय केलं यांनी तिला?"

"कुणाला?"

"वैजयंतीला. हर साल मी स्वतः जाऊन वाचून येत होते. आता सिढ्या उतरवत नाहीत. गेल्या वर्षी दूधवाल्या भियाला वाचून यायला सांगितलं होतं."

मी कानटोपी हातात धरून उभा राहिलो. काकू साडीचा पदर बोटाला गुंडाळत सांगत होत्या. मुलगी सकाळी झाली आणि दिवेलागणीला गेली. नाव ठेवणार बाराव्या दिवशी, बारशाला. बारसं झालंच नाही, म्हणून नावही नाही. नोंद करायला कुणी गेलं नाही, कारण नोंद करणार कुणाच्या नावाने? पाळण्यात घालून हाक मारायची म्हणून मनाशी ठरवलेलं नाव तेवढं दोघांनाच ठाऊक. नंतर मूल झालं नाही.

"पन्नास वर्षं होत आली. आम्ही एकमेकांपाशी नाव काढलं नाही बघा. मग रिटायर झाल्यावर एक दिवस फळ्यावर दिसली. मी यांना काही बोलले नाही. यांना वाटतं मला मालूमच नाही. सांगा नं, काय केलं?"

"न्यायमूर्ती," मी म्हणालो.

काकूंचा चेहरा उजळला. "चला. वैमानिक केलं तेव्हा मला सालभर चिंता लागून होती. आता जमिनीवर आली एकदाची."

तिथून घरी येईपर्यंत मी स्वतःला जेवढ्या शिव्या येतात तेवढ्या दिल्या. मराठीतल्या संपल्या तेव्हा हिंदीतल्या दिल्या. दुसऱ्या दिवशी सौरभला सगळं सांगायला निघालो आणि वाटेतून परत आलो. जे त्या दोघांनी एकमेकांना सांगितलं नाही, ते कमिटीपुढे मांडणारा मी कोण? माफी मागायला काकांकडे गेलो तर ते म्हणाले, "सर, तुम्ही बरोबर बोललात. बिना पर्चीचा माल होता."

स्क्रीन लागली. रंगीत आहे. मधल्या एका महिन्यात ती रोज कालचा दिनविशेष दाखवत होती आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. काकांनी वाचनालयात पाऊल टाकलं नाही. फळा सध्या झाडूंच्या मागे उभा करून ठेवला आहे.

यंदा ती तारीख आली तेव्हा मी सकाळीच त्यांच्याकडे गेलो. काका खिडकीशी पेपर उघडून बसले होते, तोंड दिसत नव्हतं. काकूंनी चहा दिला, पेपरकडे एक नजर टाकली आणि मला अगदी हळू विचारलं, "काय केलं?" फळा गेल्याचं काकांनी त्यांना वर्षभर सांगितलं नव्हतं.

मी मुद्दाम मोठ्याने म्हणालो, "कुलगुरू झाली. आत्ताच वाचून आलो."

काकू माझा हात दाबून मला गप्प करायला लागल्या. पेपर हलला नाही. खोटी नोंद एका श्वासात पकडणारा माणूस समोर बसला होता आणि मी चहाचा कप धरून पर्चीच्या मागणीची वाट बघत होतो.

पेपरामागून काकांनी विचारलं, "आणि जावक?"

"निरंक," मी म्हणालो.